समोरच्या घरचा गट्टू

मिरचीच्या पोटात दुखायला फार काही लागत नसे. समोरच्या चिमणीने नवी चप्पल घातली तरी दुखे, आणि जुनीच घालून ती भरभर चालली तरी दुखे. मिरची हे तिचं नाव नव्हे हो, रोपांच्या नर्सरीत कामाला येणाऱ्या बायकांनी जीभ बघून ठेवलेलं. पण ते असं चिकटलं की नवरासुद्धा लाडात आला की तेच म्हणायचा.

मिरची आणि चिमणी, दोघी नर्सरीत एकाच टेबलावर कलमं बांधत. गावठी रोपाचा शेंडा छाटायचा, बुंध्याला मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरेसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी करकचून गुंडाळायची. हात हलला की कलम वाया. चिमणीचा हात हलत नसे. शिवाय ती बांधता बांधता गुणगुणायची, आणि मिरचीला तेच जास्त लागायचं. जीव तोडून काम करून मागे राहावं ते एक वेळ चालेल, पण गाणं म्हणत म्हणत पुढे जाणारीला माणसाने काय म्हणावं?

यंदा नर्सरीच्या विहिरीने दगा दिला. मोटर सुरू केली की आधी घरघर, मग चिखल, मग पाणी. मालकाने अर्धी रोपं कमी केली आणि अर्ध्या बायकाही. उरलेल्यांना मुकादमाने सांगून टाकलं, "रोज यायचं. आज सासू आली, उद्या सून आली, असली पाळी आता चालायची नाही. खाडा केला की घरीच बसायचं."

हे बोलणं मिरचीच्या घराला नेमकं लागू होतं. तिची सासूही नर्सरीतच जायची, पिशव्यांत माती भरायला. एक दिवस सासू कामाला, मिरची घरी गट्टूपाशी. दुसऱ्या दिवशी उलटं. गट्टू वर्षाचा होत आला होता आणि नुसता रांगून घर उलटंपालटं करत होता. समोर चिमणीकडेही तेच. तिचा नवरा कामाला म्हणून दूर गेला तो तिकडचाच झाला, तेव्हापासून ती आईजवळ राहायची. ती आई, म्हणजे सगळ्या गल्लीची मावशी, पिशव्या भरायला जायची आणि ठमी नावाची नात आळीपाळीने दोघींकडे.

अशात सरकारच्या बालसंगोपनवाल्या मॅडम गावात आल्या. शाळेच्या ओसरीवर त्यांनी बायकांना बसवलं आणि समजावलं: कमाई थोडी आणि आई कामावर जाते, अशा घरच्या मुलाला सांभाळायचा खर्च सरकार देईल. गावात पाळणाघर नाही, म्हणून गावातलीच कुणी बाई शिकून घेऊन आपल्या घरी मूल सांभाळू शकते. पैसे तिला मिळतील.

"आणि आपलाच नातू असला तर?" मिरचीच्या सासूने विचारलं.

"मग नाही मिळत, आजी. आपल्या नातवाला तुम्ही अशाही सांभाळालच की."

"सांभाळीन ना. पण मग पिशव्या कोण भरेल? त्या पैशावर तर घर चालतंय."

मॅडम हसल्या. नियम त्यांनी केलेला नव्हता, त्यामुळे त्यांना हसणं सोपं होतं.

परत येताना सासू गल्लीच्या तोंडाशी थांबली. मावशीही थांबली. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींच्या डोक्यात एकच दिवा लागला.

"तू माझा घे," सासू म्हणाली.

"मी तुझा घेते, तू माझी घे," मावशी म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून दोघी पोरींसारख्या खिदळल्या.

मॅडमना विचारलं. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि हसू दाबत म्हणाल्या, "बसतं नियमात." झालं. गट्टूची सख्खी आजी ठमीला सांभाळणार, ठमीची सख्खी आजी गट्टूला सांभाळणार, आणि सरकार दोघींना पैसे देणार. मिरचीचा नवरा ट्रॅक्टर चालवायचा आणि कशालाही हसायचा. तो तर पोट धरून हसला. "आई, तू आता सरकारी नोकर! सलाम करू का?"

मिरचीही हसली होती. पहिल्या सकाळपर्यंत.

दोन घरांमध्ये रस्ता तो किती? एका दारात शिंकलं तर समोरच्या दारातून "जपून गं" यावं, इतकाच. पण त्या सकाळी गट्टूने तो रस्ता ओलांडताना असा टाहो फोडला की कुत्री उठून बसली. मिरचीच्या गळ्यातल्या रुमालाला त्याने गच्च धरलं होतं. तिने एकेक बोट सोडवलं आणि त्याला मावशीच्या हातात दिलं. तिचं काळीज तुटलं हे खरं. पण आत कुठे तरी बरंही वाटलं. रडतोय म्हणजे आपला आहे.

ठमी मात्र सासूच्या कडेवर गेली ती हसतच. "काय बाई निर्लज्ज पोर!" मिरची मनात म्हणाली.

संध्याकाळी घरी येऊन बघते तर घराचं रूपच पालटलेलं. चुलीच्या खोलीला आडवी फळी, खाली धुतलेली चटई, आणि सासू ठमीच्या केसांच्या दोन शेंड्या बांधत बसलेली. हीच सासू गट्टूला पलंगाच्या कोपऱ्यात एक वाटी आणि चमचा देऊन बसवायची आणि खुशाल आपली कामं उरकायची. उचलून घे म्हटलं की हिची कंबर दुखायची.

"आज कंबर नाही दुखली वाटतं?" मिरचीने विचारलंच.

"परक्याचं लेकरू आहे बाई. काही झालं तर सरकार जाब विचारेल. गट्टूचं मला कोण विचारणार होतं?"

"मी विचारलं असतं!"

"तू तर रोजच विचारतेस," सासू म्हणाली आणि दुसऱ्या शेंडीकडे वळली.

चारेक दिवस गट्टू रडला. मग नुसता कुरकुरला. आणि एका सकाळी मावशी दारात दिसताच त्याने आईच्या कडेवरून तिकडेच झेप घेतली. मिरचीचा तोल गेला.

"बघ, रुळला हो," मावशी कौतुकाने म्हणाली. "आता तू निवांत जा कामाला."

निवांत! मिरची नर्सरीत गेली ती धुमसत. तिने एक काडी इतकी तासली की तिची दात कोरायची काडी झाली. मुकादम शेजारून जाताना म्हणाला, "मिरचे, कलम बांधायचंय, सुई नाही करायची." चिमणी हसली. तशी ती दुष्टपणे हसली नव्हती. पण मिरचीला त्या दिवसापासून चिमणीचं हसूच सहन होईना.

आणि घरी दुसरंच सुरू झालं. संध्याकाळी गट्टूला निजवायला घेतलं की तो आईच्या मानेवरून हात फिरवत कानापर्यंत जायचा. कानाची पाळी चिमटीत धरून चाचपायचा, आणि मग तोंड वाकडं करून रडायला लागायचा. आधी तिला कळेना. मग एका सकाळी मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवलेल्या गट्टूकडे तिचं लक्ष गेलं. मावशीच्या कानाची पाळी जड दागिन्याने कधीकाळी फाटली होती, तिचे दोन तुकडे लोंबत. गट्टूचं बोट त्या फटीत बसलं होतं, आणि डोळे मिटत आले होते.

आता असली फाटकी पाळी मिरचीने आणावी कुठून?

"अगं, लेकराला काय कळतं," नवरा म्हणाला. "उद्या विसरेल."

"तुम्हाला काय! तुम्ही दिवसभर ट्रॅक्टरवर. तो मला विसरला तर?"

"आईला कोण विसरतं?"

"रोज सकाळी विसरतोय," मिरची म्हणाली, आणि पाठ करून निजली.

तिने आपल्या परीने उपाय केले. कामावरून धावत येऊन, हातपायसुद्धा न धुता गट्टूला आणायची. त्याच्यासाठी बिस्किटं आणायची आणि ठमी बघत असली तरी तिला द्यायची नाही. ठमी काही मागायची नाही. नुसती बघायची आणि आपली मूठ चोखायची. सासू मग आपल्या वाटचं बिस्किट तिला भरवायची. "असं करू नये गं," इतकंच म्हणायची. त्या इतक्याशा बोलण्याने मिरचीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि तो रागही ती ठमीवरच काढायची. तिचं झबलं दोरीवरून काढून खाली टाकायची. पोरीच्या झबल्याशी भांडण! पण मत्सर एकदा अंगात शिरला की माणूस मोठं आणि लहान बघत नाही.

कलमांचा हंगाम भरात आला. रोपांवर ताणलेली हिरवी जाळी उन्हाने तापून खाली उकाडा कोंडायचा. बायकांच्या पाठी भिजून कपडे चिकटायचे, आणि चीर दिलेल्या रोपांचा चीक बोटांवर वाळून काळा पडायचा. तशा एका दुपारी चिमणी पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "काय गं, गट्टू आता नुसता धावतोच म्हणे! आई सांगत होती."

मिरचीचा चाकू काडीवर होता.

"धावतो?"

"म्हणजे चालतो गं. परवा उभा राहिला आणि थेट दारापर्यंत गेला. आईने गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. तुला सांगितलं असेलच की."

"सांगितलं ना," मिरची म्हणाली. "घरी तर आधीपासूनच चालतोय."

हे म्हणताना चाकू काडीवरून सटकला आणि डाव्या अंगठ्यात घुसला. रक्त रोपाच्या चिरेत सांडलं. चिमणीने चटकन आपल्या डोक्याचा रुमाल फाडून बांधला, "दाब, दाब, वर धर हात," आणि मिरचीला वाटलं, हिने बांधण्यापेक्षा अंगठा तुटून पडला असता तर बरं.

मुकादम आला, अंगठा पाहिला, वाया गेलेलं रोप पाहिलं. रोपाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "या हाताने कलम नाही व्हायचं. बरा होईपर्यंत पिशव्या भर." सगळ्या बायकांसमोर मिरची टेबलावरून उठली आणि मातीच्या ढिगापाशी जाऊन बसली. सासू वर्षानुवर्षं बसत होती त्याच जागी.

संध्याकाळी ती मावशीच्या दारात उभी राहिली ती फणफणतच. "मावशी, गट्टू चालायला लागला आणि मला सांगितलं नाही?"

मावशीचा चेहरा उतरला. "अगं, मुद्दाम नाही सांगितलं. म्हटलं, घरी चालेल तेव्हा तुलाच पहिल्यांदा दिसू दे. पहिलं पाऊल आईने बघावं. मी बघितलं ते बघितलंच नाही असं धरायचं ठरवलं होतं. गल्लीतल्या बायांनाही तोंड मिटायला सांगितलं, पण चिमणीच्या पोटात काही राहत नाही बघ."

दुसरी कुणी असती तर इथेच विरघळली असती. मिरचीला हा चांगुलपणाही टोचला. हिने दान दिल्यासारखं माझ्याच मुलाचं पहिलं पाऊल मला द्यायचं? गट्टू आतून आला, दुडदुडत, हात पसरून. तो मावशीच्या पायाला बिलगला आणि तिथून आईकडे बघून हसला. शेजारीण आल्यावर मूल हसतं तसा.

त्या आठवड्यात मॅडम पाहणीला आल्या. मिरचीची आठवड्याची सुट्टी होती आणि सासू घरभर फिरून फळी, चटई, औषधाची पेटी दाखवत होती. मग मॅडम मिरचीशी एकटीशी बोलायला दारात आल्या. तसा नियमच होता, आईला वेगळं विचारायचं.

"गट्टू समोर नीट आहे ना? काही तक्रार?"

"नाही, तसं काही नाही."

समोरचं दार उघडं होतं. सुट्टी असूनही गट्टू सकाळीच तिकडे पळाला होता. मावशी त्याला दूधभात भरवत होती. प्रत्येक घासाला ती स्वतः मोठा आ करायची आणि गट्टू खदखदून हसायचा, इतका की भात बाहेर पडायचा. घरी तो मिरचीच्या हातून तोंड फिरवायचा.

"फक्त," मिरची म्हणाली, आणि आपण काय बोलणार आहोत हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं, "मावशींना जरा कमी दिसतं."

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "कमी म्हणजे?"

"परवा सदरा उलटा घातला होता. बटणं वरखाली. आणि मागे एकदा गरम भांड्याजवळ तो बसलेला, त्यांना दिसलाच नाही."

सदऱ्याचं खरं होतं, पण तो घालताना गट्टूच एका जागी ठरला नव्हता. भांडं मात्र मिरचीच्या तोंडातूनच निघालं. निघालं ते निघालं. मॅडम वयाने लहान होत्या आणि भित्र्याही. दुसऱ्या कुठल्या गावात एक मूल भाजल्यापासून त्यांची झोप उडाली होती. त्या तडक समोर गेल्या. दार ओढून घेतलं गेलं. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या तेव्हा गट्टू त्यांच्या कडेवर होता आणि आकांत करत होता.

"डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला येईपर्यंत मावशींकडे मूल ठेवता येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि गट्टूला मिरचीच्या हातात दिलं.

मिळाला. मिरचीचा मुलगा मिरचीला मिळाला.

त्यानंतरची व्यवस्था अशी झाली, की सासू दोघांना सांभाळायला लागली. ठमीचे पैसे तिला मिळतच होते. गट्टू पुन्हा पलंगाच्या कोपऱ्यात गेला, वाटी आणि चमचा घेऊन. "मला दोन हात आहेत," सासू म्हणायची. "एक तिला, एक घराला." गट्टू तिथे बसायचा नाही. उतरून दारापर्यंत चालत जायचा आणि समोरच्या बंद दाराकडे बघत उंबऱ्यावर बसून राहायचा. मिरचीला त्याचं चालणं आता रोज बघायला मिळत होतं. रोज पाठमोरं.

मावशीचे पैसे बंद झाले. डोळ्यांचा डॉक्टर शहरात, आणि चिमणीला खाडा करून चालणार नव्हतं. हंगाम संपल्यावर नेईन म्हणाली. तोवर घर कसं चालायचं? मुकादमाच्या हातापाया पडून चिमणीने आईला पुन्हा पिशव्यांवर लावून घेतलं.

"तुझ्या सासूचे उपकार आहेत बाई," चिमणी मिरचीला म्हणाली. "ठमीचं तरी नीट चाललंय. नाहीतर मी काय केलं असतं?" तिला खरंच काही माहीत नव्हतं. मॅडमनी कुणाचं नाव सांगितलं नव्हतं. मिरचीने मान हलवली आणि खोऱ्याने माती ओढली.

मावशी नेमकी तिच्याच शेजारी येऊन बसली. काळी पिशवी उघडायची, तळाला दोन मुठी दाबून भरायच्या, मग सैल माती, मग पिशवी जमिनीवर आपटून पुन्हा भर. मावशीचे गुडघे दुमडत नव्हते, म्हणून ती पाय लांब करून बसायची आणि ढिगापर्यंत हात पोचवायला सगळं अंग पुढे टाकायची. पिशवी मात्र जन्मभर भरल्यासारखी भरायची. ताठ, काठोकाठ, एक खळगा नाही.

पहिली पिशवी भरून तिने ती मिरचीपुढे सरकवली.

"बघ गं, नीट भरली का?"

"नीट आहे."

दुसरी भरली. तीही सरकवली. "ही?"

"नीट आहे, मावशी. प्रत्येक कशाला दाखवता?"

"मला आता काही कळत नाही बाई. दिसतंय असं वाटतं, पण नसेल दिसत." मावशी हातावरची माती झटकत राहिली. "मॅडम बोलल्या तेव्हा आधी मला राग आला. म्हटलं, कोण असं म्हणालं? सुईत दोरा ओवते मी अजून. मग रात्री विचार केला, गरम भांड्याजवळ बसला होता म्हणे आणि मला दिसला नाही. मला तर आठवतच नाही. म्हणजे बघ, खरंच दिसला नसेल. दिसला असता तर आठवलं नसतं का?"

मिरचीचा हात मातीत तसाच राहिला.

"देवानेच वाचवलं," मावशी म्हणाली. "उद्या त्याला काही झालं असतं, तर मी तुला काय तोंड दाखवलं असतं? तू विश्वासाने माझ्या हातात दिलास. जेवतो का गं आता? निजतो नीट?"

"निजतो," मिरची म्हणाली. तो निजत नव्हता.

एवढे दिवस जी आग तिच्या पोटात होती, ती या बाईवरच होती. आता तीच बाई पाय लांब करून मातीत बसली होती आणि स्वतःच्या चांगल्या डोळ्यांवर शंका घेत होती. मिरचीला वाटलं, हिने शिव्या द्याव्यात. चार बायकांत ओढून विचारावं. मग सगळं सोपं झालं असतं, आपणही दोन शब्द ऐकवले असते.

"मावशी," ती म्हणाली, "तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. भांड्याजवळ कुणी बसलं नव्हतं. ते मी सांगितलं मॅडमना. खोटं सांगितलं."

मावशीने हात थांबवला. तिने मिरचीकडे पाहिलं. आणि मिरचीला दिसलं, की ते डोळे आपल्या चेहऱ्यावरची एकेक रेघ बघत आहेत.

मग मावशी हसली आणि मातीच्या हाताने तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

"माझं मन राखायला असं अंगावर घेऊ नये, पोरी. तू जिभेची तिखट आहेस, पण अशी नाहीस. मी ओळखत नाही का तुला?"

"मावशी, खरंच मी—"

"बस कर. मुकादम बघतोय."

"उद्यापासून गट्टूला तुमच्याकडे सोडते. पैसे नको सरकारचे. आम्ही देऊ. मी बोलते मॅडमशी."

"नको गं बाई!" मावशी घाबरून मागे सरली. "पाया पडते, नको. त्याच्याशिवाय घर खायला उठतं, तुला खोटं कशाला सांगू. पण आता माझा मलाच भरवसा नाही. तो तुझ्याजवळच बरा."

तिने नवी पिशवी उघडली, तळाला दोन मुठी दाबल्या, आपटली, भरली. मग ती डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन फिरवून फिरवून बघितली, आणि तरीही मिरचीपुढे धरली.

"सांग ना. नीट आहे का?"